भिंतीवरचं सूप

आमच्या घराला 'ट्रॉपिकल लुक' द्यायचा, असं गेल्या उन्हाळ्यात ठरलं. ठरलं म्हणजे सूनबाईनं ठरवलं, मुलानं मान डोलावली, बायकोनं "खर्च किती?" एवढंच विचारलं आणि मला कळवण्यात आलं. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे 'ट्रॉपिकल' शब्द कानावर पडला की माझ्यापुढे आधी नकाशा उलगडतो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, म्हणजे भोपाळच्या जरा वरून जातं. पनवेल एकोणीस अंशांवर. तेव्हा आपण ट्रॉपिकल आहोतच, त्यासाठी कुठे ऑर्डर द्यावी लागत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला उरण नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभं राहिलं की नकाशाचीही गरज उरत नाही.

"तसं ट्रॉपिकल नाही हो बाबा," सून म्हणाली. "बालीसारखं."

बाली विषुववृत्ताच्या खाली आठ अंशांवर आहे. पण हे मी बोललो नाही. निवृत्त शिक्षकाला उतारवयात जी थोडी अक्कल सुचते, ती बहुतेक गप्प बसण्यातच खर्च होते.

मग तिनं फोनवर चित्रं दाखवली. छताला टांगलेला बांबूचा एक मोठा दिवा होता. मी चष्मा वर-खाली करून पाहिला. ते डालगं होतं. माझ्या आजोळी त्याच्याखाली कोंबडी असायची, इथे बल्ब होता, एवढाच फरक. पुढच्या चित्रात सुतळीच्या जाळीत कुंडी लोंबत होती. तिला 'मॅक्रमे हँगर' म्हणतात. आम्ही तिला शिंकं म्हणायचो आणि त्यात दही ठेवायचो, मांजराच्या भीतीनं. तिसऱ्या चित्रात भिंतीवर पाच गोल टोपल्या मांडल्या होत्या, लहानमोठ्या, जशा चांदण्या विखुराव्यात तशा. त्यातली एक सरळसरळ रोवळी होती, तांदूळ धुवायची. किंमत पाचांची मिळून बावीसशे रुपये. घरपोच.

"आवडलं?" सुनेनं विचारलं.

"ओळखीचं वाटतंय," मी म्हणालो.

आमचं जुनं घर पनवेल गावात होतं. मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे विहीर आणि मोरीचं पाणी जिथून वाहत जाई त्या वाटेवर केळी आणि अळू. पावसाळ्याच्या तोंडावर नारळाचे झाप यायचे आणि पडवीच्या कडेला बांधले जायचे. घरात सुपंच चार होती. एक रोजचं, एक मोठं, एक सणावाराचं आणि एक मोडकं, केर भरायचं. हे मी अभिमानानं सांगतोय असं वाटेल, म्हणून पुढचंही सांगून टाकतो. या सगळ्याची हकालपट्टी केली ती मीच. नोकरी लागल्यावर पहिल्या दोन-तीन पगारांत मी घरात स्टीलचे डबे, नायलॉनच्या खुर्च्या आणि निळं प्लास्टिकचं सूप आणलं. त्या निळ्या सुपात तांदूळ उडवला की खड्यासकट सगळाच घसरून पुढे यायचा, पण धुतलं की स्वच्छ व्हायचं, आणि तेव्हा आम्हाला स्वच्छतेचं वेड लागलं होतं. शिंक्याची जागा फ्रिजनं घेतली. पुढे घर बिल्डरला गेलं आणि आम्ही नवीन पनवेलमध्ये राहायला आलो. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोनं आखलेले सरळ रस्ते आणि त्यांना दिलेले सेक्टरचे आकडे. इथे माझी बायको पहिले सहा महिने भाजीवाल्याला पत्ता सांगताना चुकत असे. तेव्हा सुनेनं ती टोपली परत आणली, तर तिच्यावर हसायचा हक्क मला नाही. हसू मात्र येतं.

पनवेलकरानं तर या बाबतीत जास्तच जपून हसावं. जुन्या गॅझेटियरात पनवेलच्या धंद्यांत बैलगाडीच्या चाकांचं नाव आहे. बोरघाट उतरून आलेल्या गाड्या आणि इथली चाकं, असा तो काळ. आज महामार्गाच्या कडेला जेवायला थांबा, दारात पांढरा किंवा लाल रंग दिलेलं एक चाक भिंतीला टेकवलेलं असतं, त्याच्या आऱ्यांतून एखादा वेल सोडलेला असतो आणि समोर लोक फोटो काढत असतात. चाकानं इतकी वर्षं धावल्यावर बसून घेतलं तर त्याला कोण काय म्हणणार? मीही पेन्शन घेतो.

बावीसशे रुपयांची टोचणी मात्र जाईना. निदान एक सूप तरी आपण गावातून आणू, म्हणून मी जुन्या पनवेलच्या बाजारात गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला एक बुरूड नवरा-बायको बसतात. पुढ्यात टोपल्या, परड्या, हारे, आणि त्यांच्या हातातली पाती कामाच्या ओघात आपोआप वळत असतात.

"मामा, सूप केवढ्याला?"

"ओवशाचं का पाखडायचं?"

आमच्या कोकणात गौरीच्या सणाला नव्या सुनेचा ओवसा असतो, त्याला सुपं लागतात. ती जरा नाजूक, नुसत्या मानाची. पाखडायचं सूप वेगळं, त्याचा ओठ आणि पोट हाताच्या झटक्याला पटलं पाहिजे. मला हा प्रश्न नीट कळला होता, म्हणून तर उत्तर द्यायला लाज वाटली.

"भिंतीवर लावायचं," मी म्हणालो.

मामांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग एकदा बायकोकडे पाहिलं. "मग कसलं पण चालंल," ते म्हणाले. पण दिलं मात्र निवडून, दोन बाजूला सारून तिसरं. वर सांगितलं, "मेथी वाटून लेप द्या आतून, भोकं बुजतात." भिंतीवरच्या सुपाची भोकं बुजवून काय करायचं हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. ज्याला वस्तूचं काम माहीत असतं तो ती वाईट करूच शकत नसावा. मी दीडशे रुपये दिले, घासाघीस न करता. हा माझ्यासाठी मोठा प्रसंग होता.

बांबूबद्दल एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते आणि ऐकणारा मिळत नाही. वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत आहे, भाताचं आणि उसाचं भावंड. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ते झाड होतं. झाड म्हटल्यावर तोडायला आणि वाहून न्यायला परवाने आले. स्वतःच्या बांधावर लावलेलं गवत कापण्यासाठी शेतकऱ्याला साहेबाच्या सहीची वाट बघावी लागायची. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून निघाला. नव्वद वर्षांनी सरकारला गवत ओळखू आलं. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाकडूनही मी इतका धीर धरला नव्हता.

आणि गंमत अशी की घराघरांत जो 'लकी बांबू' काचेच्या भांड्यात, लाल फीत बांधून उभा असतो, तो बांबू नाहीच. तो आफ्रिकेतला ड्रॅसिना. आमच्याकडेही तो आला आहे, टीव्हीशेजारी. हे मी कुणासमोर म्हणत नाही. भेट देणारी बाई आमच्याच मजल्यावर राहते.

झाडं आणायला आम्ही सगळे रविवारी गाडी काढून कर्नाळ्याच्या रस्त्याला लागलो. पळस्पे फाटा सोडला की रोपवाटिका सुरू होतात. खरं तर कर्नाळ्याचं अभयारण्य पनवेलपासून जेमतेम बारा किलोमीटरवर. तिथे खरंखुरं उष्ण कटिबंधातलं जंगल फुकट उभं आहे, प्रवेशाचं तिकीट तेवढं. पण आम्हाला जंगल बघायचं नव्हतं, घरी न्यायचं होतं. रोपवाटिकेतल्या पोरानं आम्हाला हिरव्या जाळीखालच्या 'इनडोअर' विभागात नेलं आणि नावांची फैर झाडली: मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, अ‍ॅग्लोनिमा, सिंगोनियम, पीस लिली, कॅलेडियम, झीझी.

मी एकेकाची पानं आणि फुलं पाहत गेलो. आणि माझ्या लक्षात आलं की ही सगळी अळवाची भावकी आहे. खरोखर. पीस लिलीचं ते पांढरं पान आणि मधली काडी बघा, मग पावसाच्या सुरुवातीला बाजारात आदिवासी बायका शेवळं घेऊन बसतात ती बघा. चेहरेपट्टी एकच. सुरण त्यातलाच. घरोघरचा मनी प्लांटही त्यातलाच, तो मूळचा ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरचा. चोरून आणला तरच वाढतो अशी त्याची ख्याती, म्हणून आमच्या सोसायटीत सगळेच एकमेकांचे चोर. मॉन्स्टेरा मेक्सिकोकडचा. हे सगळं गणगोत दाट जंगलाच्या तळाशी, नाहीतर मोठ्या झाडाच्या बुंध्याला धरून, वरून गळून येईल तेवढ्या उजेडावर जगायला शिकलेलं. म्हणूनच ते फ्लॅटमध्ये तग धरतं. समोर चौदा मजली इमारत उभी राहिल्यापासून आमच्या हॉलमध्ये जेवढा उजेड पडतो, तेवढाच अमेझॉनच्या जंगलात जमिनीवर पडत असेल. बिल्डरनं आम्हाला ट्रॉपिकल लुक आधीच देऊन ठेवला होता, आमचंच लक्ष नव्हतं.

"म्हणजे हे अळू आहे?" बायकोनं मॉन्स्टेराच्या भोकं पडलेल्या पानाला हात लावत विचारलं.

"चुलत घराणं."

"साडेसातशेला?"

रोपवाटिकेतला पोरगा खाली बघू लागला.

भावकीचा आणखी एक गुण म्हणजे खाज. अळू नीट शिजलं नाही, चिंच कमी पडली की घशाला सुया टोचतात ना, त्या खरंच सुया असतात, कॅल्शियम ऑक्झलेटच्या, सूक्ष्म. शेवळांत त्यासाठीच काकडं घालतात. दिवाणखान्यातल्या या शोभिवंत मंडळींतही त्याच सुया आहेत. डिफेनबेकिया नावाच्या ठिपकेदार पानांच्या झाडाचा तुकडा कुणी चावला तर जीभ सुजून बोलती बंद होते. इंग्रजीत म्हणूनच त्याला मुका वेत म्हणतात. हे मी सांगत होतो तेव्हा सून सापाच्या कातड्यासारख्या पट्ट्यांचं, उभ्या पात्यांचं एक झाड निवडत होती. पोरानं सांगितलं, "याला सासूची जीभ म्हणतात, मॅडम. पाणी कमी लागतं." आता सासूची जीभ आणि बोलती बंद करणारा वेत शेजारी शेजारी ठेवलेले, एका बाजूला माझी बायको, दुसऱ्या बाजूला सून. मी आणि मुलगा मातीच्या पिशव्या मोजायला निघून गेलो. दोन्ही झाडं घरी आली नाहीत. निर्णय कसा झाला ते मला माहीत नाही.

माती साठ रुपयांना पिशवी. वाटाण्याच्या पिशवीएवढीच. ज्या पनवेल तालुक्यात भातखाचरांवर डोंगर कापून ट्रकांनी भराव टाकला, तिथे आम्ही माती पिशवीतून विकत आणतो. तिच्यात मिसळायला कोकोपीट. नारळाच्या सोडणाचा काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो, तो हा. किनाऱ्यावर पूर्वी त्याचे ढीगच्या ढीग पडून असत. सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन् महिने कुजवायची, मग लाकडी दांड्यानं कुटायची, तेव्हा कुठे धागा सुटायचा. 'काथ्याकूट' हा शब्द त्यातून आला. मॉन्स्टेराला वर चढायला जो काथ्या गुंडाळलेला दांडा लागतो, तो घ्यायचा की नाही यावर आमच्या घरात वीस मिनिटं जी चर्चा झाली तिला दुसरा शब्द नाही.

येताना तारा गावी थांबलो. युसुफ मेहेरअली सेंटर तिथे ग्रामोद्योग चालवतं. घाण्याचं तेल, साबण, मातीची भांडी. भाजलेल्या मातीच्या कुंड्या मला आवडतात. त्या पाणी पितात, घामेजतात, कडांना पांढरट क्षार धरतात, अगदी आपल्यासारख्याच वागतात. प्लास्टिकची कुंडी म्हणजे रेनकोट घातलेला माणूस. आतून भिजतो.

घर सजलं. खोटं कशाला बोला, छान दिसत होतं. डालग्यातून पडलेली सावली छतावर कमळासारखी उमटायची. सोफ्यावर वारली चित्रांच्या उशा आल्या. पांढऱ्या रंगात हात धरून गोल नाचणारी माणसं, तारपा वाजवणारा मध्ये. हे चित्र मूळचं लग्नाच्या भिंतीवरचं, गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठीनं काढलेलं, आणि काढणाऱ्या बाया. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर आणलं, जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नातला देव जिथे बसायचा तिथे टेकून मी आता वर्तमानपत्र वाचतो. सुरुवातीला जरा सरकून बसायचो. पायपुसण्यावर मात्र मी ती माणसं येऊ दिली नाहीत. घरातला माझा हा एवढाच शब्द चालला.

त्यानंतर माझी नेमणूक झाली. सकाळी झाडांवर पाण्याचा फवारा मारायचा. सुनेनं पितळी नळीचा छोटा पंप आणला होता. "यांना ह्युमिडिटी लागते बाबा." मी मारत असे. तिकडे मुलगा घामानं वैतागून एसी लावत असे. एसी हवेतलं पाणी शोषून खिडकीबाहेरच्या नळीतून खालच्या मजल्यावरच्या छज्ज्यावर टाकत होता, आणि मी नळाचं पाणी हवेत परत सोडत होतो. मध्ये वीजबिल. हा जलचक्राचा धडा मी सहावीच्या वर्गाला शिकवला असता तर एकही मुलगा नापास झाला नसता.

इंग्रजांनी हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. लंडनजवळ क्यू इथे १८४४ ते १८४८ या काळात त्यांनी लोखंड आणि काचेचं एक अवाढव्य पाम हाउस बांधलं. तळघरात बॉयलर, त्यात कोळसा, आणि वर आपल्याकडची ताडामाडाची झाडं. नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या एका लंडनच्या डॉक्टरला योगायोगानं कळलं की बंद काचेच्या पेटीत झाडं आपलाच ओलावा फिरवून जगतात. १८३३ मध्ये अशा पेट्या ऑस्ट्रेलियापर्यंत पोचल्या, आणि पुढे त्यांतून जगभरची झाडं इकडून तिकडे झाली. आज तीच पेटी लहान होऊन 'टेरॅरियम' नावानं आमच्या शोकेसमध्ये बसली आहे. आत शेवाळ आणि दोन खडे. क्यूला इतका कोळसा जाळून जी दमट हवा तयार करत होते, ती पनवेलला जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून मोफत असते. आणि शेवाळ बाहेरच्या भिंतीवर हवं तेवढं.

परदेशी-देशीचा वाद मात्र मी काढत नाही. काढायला गेलो तर देवघरच रिकामं होईल. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा. देवळापुढचा चाफा मध्य अमेरिकेचा. सदाफुली मादागास्करची, तसाच सुनेचा अरेका पाम. बोगनवेल ब्राझीलमधून, बूगँव्हील या फ्रेंच दर्यावर्दीच्या सफरीत शास्त्रज्ञांच्या नजरेस पडली. आपण त्या नावाला 'वेल' जोडून टाकला आणि ती घरची झाली. निदान पन्नास वर्षं दारात राहिलेल्याला उपरं म्हणू नये, एवढा नियम मी पाळतो. नवीन पनवेलमध्ये मला स्वतःला अजून तेवढी झालेली नाहीत.

झाडांनी हवा शुद्ध होते, असं सूनबाई म्हणायची. नासानं सांगितलंय. नासाचा तो अभ्यास १९८९ चा, बंद पेटीत केलेला. मुलानं लगेच फोनवर दुसरं शोधून काढलं. २०१९ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब मांडला. साध्या वायुवीजनाइतका परिणाम हवा असेल तर एका चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. आमचा हॉल पंधरा चौरस मीटर. कमीत कमी दीडशे कुंड्या.

"मग आम्ही बसायचं कुठे?" बायकोनं विचारलं.

"त्यापेक्षा खिडकी उघडा," मुलगा म्हणाला.

खिडकी उघडली. महामार्गावरून कंटेनर जात होते. परत लावून घेतली.

आणि मग पाऊस आला. रायगडातला पाऊस म्हणजे सरळ तीन हजार मिलिमीटरच्या घरातली गोष्ट. त्याला घरात यायला दार लागत नाही. आठवड्यात तागाच्या सतरंजीला वास धरला. दोन आठवड्यांत मॅक्रमेवर करडी बुरशी. वेताच्या खुर्चीच्या पायांना पांढरी लव आली, जणू तीही वयात आली होती. आणि एके दिवशी जेवणाच्या टेबलावर पिवळसर पीठ पडलेलं दिसलं. बायकोला वाटलं, डाळीचं. पुसलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. वर पाहिलं तर डालग्यातून भुरभुर चालली होती. बांबू पोखरणारा किडा आत जेवत होता आणि आमच्या ताटात सांडत होता.

मी डालग्याची एक काडी खिशात घालून बुरूडमामांकडे गेलो. त्यांनी ती नखानं चिरली, वास घेतला. "कवळा बांबू. पाण्यात टाकलेला न्हाय." जून बांबू, योग्य वेळी तोडलेला, काही दिवस पाण्यात बुडवून ठेवलेला असला की त्यातला गोडवा निघून जातो आणि किड्याला त्यात राम उरत नाही, हे त्यांचं शास्त्र. गोडवा म्हणजे पिष्ट, एवढीच भर माझ्याकडून. शिवाय जुन्या घरात चूल होती. धुरानं सुपं, शिंकी, डालगी काळी व्हायची आणि टिकायची. आम्ही त्या काळेपणाला कळकट म्हणून नावं ठेवली. आता सुनेच्या डालग्याला धूर कुठून आणणार? उदबत्तीचा पुरत नाही, करून पाहिलं.

दिवा खाली उतरला. पाचांच्या संचातल्या तीन टोपल्याही उतरल्या, त्यांची बुडं सुटली होती. त्यांना घट्ट धरून ठेवणारं काही नव्हतंच, नुसता डिंक. भिंतीवर राहिलं ते मामांचं सूप.

श्रावणात एक दिवस तांदळाच्या डब्यात सोंडे निघाले. वीस किलोचा तांदूळ. सून म्हणाली, टाकून देऊ, नवीन मागवू, दहा मिनिटांत येतो. बायको काही बोलली नाही. स्टूल घेतलं, भिंतीवरचं सूप खिळ्यावरून काढलं, पदर खोचला आणि बाल्कनीत बसकण मारली. चाळीस वर्षांत तिच्या हाती सूप आलं नव्हतं. निळं प्लास्टिकचं मी धरत नाही. पहिले दोन हात चुकले, तांदूळ मॉन्स्टेराच्या कुंडीत गेला. तिसऱ्या हाताला तो आवाज आला. सऽप्, सऽप्. तांदूळ वर जायचा, हवेत पसरायचा, परत सुपाच्या पोटात गोळा व्हायचा. कोंडा आणि सोंडे ओठावरून पुढे. मी दारात उभा होतो आणि मला चक्क पडवीतल्या ओल्या सारवणाचा वास आला. मग कळलं, तो सतरंजीचा वास होता.

"मला दाखवा ना आई," सून म्हणाली.

"मनगट सैल सोड. खांद्यानं नाही."

अर्ध्या तासात पोरीनं अर्धा किलो तांदूळ बाल्कनीभर केला. कबुतरांची चंगळ झाली. खालच्या मजल्यावरून निरोप आला की वरून काहीतरी पडतंय. पण शेवटी शेवटी एक झटका तिला बरोबर साधला, तेव्हा दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या की मी आत निघून आलो. सूप धुऊन, वाळवून परत खिळ्यावर गेलं. आता ते पंधरवड्यातून एकदा खाली उतरतं. त्याचा खिळा सैल झालाय, मी दोनदा ठोकला.

राहता राहिलं माझं स्वतःचं योगदान. जूनमध्ये शेवळं आणायला गेलो होतो, तेव्हा शेवळं विकणाऱ्या मावशीकडूनच मी अळवाचे चार कंद घेतले होते. मॉन्स्टेराशेजारची सिरॅमिकची पांढरी कुंडी रिकामी होती. त्यात गुपचूप लावले. पावसात अळवाला काय, महिन्यात पानं हातभर. सकाळी फवारा मारला की पाणी पाऱ्यासारखं गोळा होऊन ओघळायचं. पानावर मेणचट सूक्ष्म उंचवटे असतात म्हणून ते टेकत नाही. म्हणीतलं अळवावरचं पाणी मी रोज पंपानं तयार करत होतो. खारघरहून सुनेच्या मैत्रिणी आल्या. मॉन्स्टेराकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सगळ्या त्या कुंडीभोवती. "किती ग्रँड आहे! कुठून मागवलं?" सुनेनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाली, "कोलोकेशिया."

फोटो काढून झाले. त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. बायकोनं विळीनं आठ पानं काढली, चिंच-गूळ, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ आणि मुळ्याच्या चकत्या घालून फदफदं केलं. घशाला अजिबात टोचलं नाही. सुनेनं दोनदा भात घेतला.

कुंडीत आता तीन पानं आहेत, चौथं गुंडाळीतून उलगडतंय. कंदांना पिलं बरीच फुटली आहेत. कुणाला लावायला हवी असतील तर खुशाल घेऊन जा; कुंडी मात्र आपली आणा, आणि येताना सुपासाठी एक लांब खिळा.